थांबलेले हात : पियानो कॉन्चेर्टोच्या चित्रफिती पाहताना

बारा वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी पाश्चात्त्य संगीतावर एक लेख लिहिला होता. चायकोव्हस्कीच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोची १९६७ सालची एक चित्रफीत हा त्याचा विषय. पियानोवर अलेक्सिस वायसेनबर्ग, संचालक हर्बर्ट फॉन कारायान, वाद्यवृंद बर्लिन फिलहार्मोनिकचा. दुसऱ्या भागात बासरी एक धून मांडते आणि पियानो ती अलगद उचलतो. त्या जागेबद्दल मी लिहिलं होतं, की एकल वादक आणि वाद्यवृंद एकाच श्वासात कसे वाजवतात याचा हा दृश्य पुरावा आहे. लेख आवडल्याची तीन-चार पत्रं आली. त्या वाक्याला कुणी हरकत घेतली नाही.

वाक्य चुकीचं होतं. ती चित्रफीत प्लेबॅकवर घेतलेली आहे. आधी ध्वनिमुद्रण झालं, मग स्टुडिओत ते मुद्रण लावून चित्रीकरण झालं. मी ज्याला श्वास म्हणत होते तो श्वास कॅमेऱ्यासमोर कुणी घेतलेलाच नव्हता. हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. तेव्हा ते नियतकालिक बंद पडलं होतं. चूक दुरुस्त करायची जागाच उरली नव्हती आणि खरं सांगायचं तर तशी निकडही मी स्वतःला वाटू दिली नाही. पण ती चूक मनातून गेली नाही. कारण प्रश्न एका वाक्याचा नव्हता. मी डोळ्यांनी पाहून कानांबद्दल विधान केलं होतं. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे आणि त्या निमित्ताने गेल्या दहा वर्षांत या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहताना जे हाती लागलं त्याची मांडणीही.

माझा या विषयातला अधिकार किती, हे आधीच सांगते. नोकरी सांगलीच्या सहकारी बँकेत, रोखीच्या खिडकीवर. संगीताची पदवी नाही. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत तसंच मिशनचं चर्चही आहे. तिथे ऑर्गन वाजवणाऱ्या एका वृद्ध सरांकडे मी विशीत पाच रेघांची स्वरलिपी वाचायला शिकले, तेवढीच. बाकी सगळं कॅसेटवर, नंतर सीडीवर आणि पुढे डीव्हीडीवर ऐकून-पाहून. सरांचं चित्रफितींविषयीचं मत एका वाक्यात संपायचं : "डोळे मिट आणि ऐक. पियानो डोळ्यांनी वाजत नाही." मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही, पण डोळेही मिटले नाहीत. आमच्यासारख्यांना व्हिएन्नाच्या किंवा बर्लिनच्या सभागृहात बसायला मिळणार नव्हतं. पडदा हेच आमचं सभागृह. म्हणून तो पडदा काय दाखवतो आणि काय लपवतो, हे नीट समजून घेणं हा माझ्यासाठी हौसेचा भाग राहिला नाही.

आवाज आणि चित्र

कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि समोर सत्तर-ऐंशी वादकांचा वृंद. कधी संवाद, कधी वाद, कधी एकाने दुसऱ्याला केलेली साथ. रचना बहुधा तीन भागांची, वेळ साधारण अर्धा तास. ध्वनिमुद्रणात ही सगळी देवघेव फक्त आवाजातून समजते. चित्रफीत आली की कुणाकडे पाहायचं हे दुसरा कुणीतरी ठरवतो. चांगला दिग्दर्शक स्कोअर हातात धरूनच काम करतो. कोणत्या जागी ओबो, कोणत्या जागी डावा हात, कोणत्या जागी संचालकाचा चेहरा, हे कागदावर आधी मांडलेलं असतं. म्हणजे चित्रफीत हे त्या रचनेचं एक वाचन असतं, संचालकाच्या वाचनासारखंच.

चायकोव्हस्कीच्या या कॉन्चेर्टोची सुरुवातच पाहा. हॉर्न वाद्यांची ललकारी होते आणि लगेच पियानोवर ते प्रचंड स्वरसंघ कोसळू लागतात, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. कॅमेरा साहजिकच हातांवर जातो. इतकी मोठी झेप कोण सोडेल? पण जी धून जगभर गुणगुणली जाते ती त्या क्षणी पियानोवर नसतेच. ती व्हायोलिन आणि चेलोंवर असते. पियानो तिला साथ करत असतो. धून पियानोकडे येते ती नंतर. चित्रफिती पाहून कॉन्चेर्टो शिकलेल्या माझ्या ओळखीच्या दोघातिघांना मी हे विचारून पाहिलं आहे. धून पियानोच वाजवतो, असंच प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितलं. हात दिसतात म्हणून धूनही त्याच हातांची वाटते. माझी चूकही याच जातीची होती.

डोळा कानावर किती कुरघोडी करतो, याचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ साली तो प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेरीतल्या तीन-तीन वादकांचे काही सेकंदांचे तुकडे लोकांना दिले आणि विजेता ओळखायला सांगितलं. काहींना फक्त आवाज दिला, काहींना फक्त मूक चित्र, काहींना दोन्ही. मूक चित्र पाहणाऱ्यांनी सुमारे निम्म्या वेळा विजेता ओळखला. फक्त आवाज ऐकणाऱ्यांना ते अंदाजपंचे उत्तरापेक्षा बरं जमलं नाही. व्यावसायिक संगीतकारांचीही गत तीच. परीक्षकही आपण समजतो त्यापेक्षा अधिक डोळ्यांनी निकाल देतात, असा याचा अर्थ. हे वाचलं तेव्हा सर हयात नव्हते. असते तर समाधानाने हसले असते.

कारायान : दोन चित्रफिती, एकवीस वर्षं

आता १९६७ च्या चित्रफितीकडे. दिग्दर्शक स्वीडनचे ओके फाल्क. त्यांनी त्याआधी वायसेनबर्ग यांच्याबरोबर स्ट्राविन्स्कीच्या 'पेत्रुश्का'ची चित्रफीत केली होती. ती पाहून कारायान इतके प्रभावित झाले, की हा पियानोवादक आणि हा दिग्दर्शक दोघेही त्यांना हवे झाले. कारायान यांना चित्रपटाचं माध्यम म्हणून खरं आकर्षण होतं. सभागृहातल्या मैफलीत जे दिसणं शक्य नाही ते त्यांना दाखवायचं होतं. म्हणून प्रेक्षक नाहीत, प्रकाशयोजना नाटकातल्यासारखी, वादकांच्या रांगा आखीव. आवाज मात्र आधीच टिपलेला.

आपल्याला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. पार्श्वगायनावर वाढलेली आपली पिढी. पडद्यावरची नायिका गात नाही हे ठाऊक असूनही आपण डोळे पुसतो. फरक एवढाच, की वायसेनबर्ग दुसऱ्याच्या आवाजावर नव्हे, स्वतःच्याच वादनावर हात चालवत होते आणि आख्खा वृंद स्वतःच्याच मुद्रणामागे चालत होता. फसवणूक म्हणण्यासारखं त्यात काही नाही. तो चित्रपट आहे आणि चित्रपट म्हणून देखणा आहे. पियानोच्या काळ्या झाकणाचा आणि पांढऱ्या पट्ट्यांचा इतका विचार क्वचितच कुणी केला असेल. पण नायिकेच्या गळ्याची शीर पाहून आपण गायिकेच्या दमसासाबद्दल विधान करत नाही. मी नेमकं तेच केलं होतं.

चूक कळल्यावर मी आवाज बंद करून ती चित्रफीत पाहिली आणि जे आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. त्यात कुणीही कुणाची वाट पाहत नाही. प्रत्यक्ष मैफलीत संचालक एकल वादकाकडे तिरका पाहतो, व्हायोलिनचा प्रमुख किंचित पुढे झुकतो, बासरीवाला ओठाशी बासरी नेऊन थांबतो. या थांबण्यात अनिश्चितता असते : समोरचा नेमका केव्हा सुरू करेल? प्लेबॅकवर ती राहत नाही. सुरुवात केव्हा होणार हे मुद्रणाने ठरवून टाकलेलं असतं. कारायान डोळे मिटून संचालन करत, ही त्यांची जगप्रसिद्ध लकब. इथे ती शोभून दिसते, कारण कुणाकडे पाहण्याची गरजच उरलेली नाही.

याच्याशेजारी दुसरी चित्रफीत ठेवावी. ३१ डिसेंबर १९८८, बर्लिन. तोच कॉन्चेर्टो, तेच संचालक, तोच वृंद. या वेळी प्रत्यक्ष मैफल आणि समोर प्रेक्षक. पियानोवर सतरा वर्षांचे एव्हगेनी किसिन. कारायान ऐंशी वर्षांचे, पाठीच्या दुखण्याने जर्जर. पुढच्या जुलैत ते गेले. लय इतकी संथ ठेवली आहे, की सवयीच्या कानाला ती सुरुवातीला जड वाटते. अनेक समीक्षकांनी तिला नावं ठेवली आहेत. नुसत्या आवाजावर माझंही मत तेच होतं. चित्र पाहिल्यावर ते बदललं आणि का बदललं हे मी स्वतःला कसून विचारलं. म्हाताऱ्या संचालकाविषयीच्या कणवेने, की एका कोवळ्या मुलाच्या कौतुकाने? तसं असेल तर ते त्साय यांच्या अभ्यासातलंच एक उदाहरण झालं.

थोडी कणव असेलही. पण तेवढंच नाही. या चित्रफितीत लय कुणाची आहे हे दिसतं. मुलाच्या हातात वेगाची कमतरता नाही. तो वेग आवरून धरतो आणि समोरच्या थकलेल्या हाताच्या हालचालीने चालतो. ती लय दुर्बळतेतून आलेली असेल, पण किसिन यांनी ती स्वीकारली आहे आणि पूर्ण वाक्यं तिच्यात बसवून दाखवली आहेत. आवाजातही हे होतं. मला ऐकू आलं नव्हतं. चित्राने ऐकण्याची दिशा दिली. नंतर डोळे मिटून ऐकलं तरी ते ऐकू येत राहिलं. सरांच्या वाक्याला माझं पहिलं उत्तर इथे सापडलं. डोळ्यांनी दाखवलेली गोष्ट डोळे मिटल्यावरही कानाला सापडली तर ती खरी. सापडली नाही तर तो नुसता देखावा.

हातांनी काय सांगितलं

हा निकष लावून पाहिला तर हातांची चित्रं किती उपयोगाची? काही अतिशय उपयोगाची आहेत. २४ सप्टेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या एव्हरी फिशर हॉलमध्ये व्लादिमीर होरोविट्झ यांनी रखमानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला. ती मैफल दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. अमेरिकेतल्या त्यांच्या पहिल्या मैफलीला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली होती. संचालक झुबिन मेहता. हे आपल्या मुंबईचे. वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मुलाचा जन्म पुढच्या वर्षीचा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रं झुबिन मेहता यांच्याकडे आली ती याच वर्षी.

बोटं गोल वळवून, मनगट उचलून वाजवायचं, हे पियानोच्या वर्गातलं पहिल्या दिवसाचं शिक्षण. होरोविट्झ बोटं जवळजवळ सरळ ठेवतात, मनगट खाली आणि करंगळी आत मुडपलेली, गरज पडेल तेव्हाच बाहेर येणारी. इतका लखलखीत, धारदार आवाज अशा हातातून निघतो यावर न पाहता विश्वास बसला नसता. आणि ते पाहिल्यावर त्या आवाजातलं एक रहस्य कानालाही कळतं : मधले स्वर दबके आणि वरचा एखादाच स्वर झळाळून उठणारा. हा तोल त्या हाताच्या ठेवणीशी जुळतो. इथे चित्र माहिती देतं.

उलट टोकाला आर्थर रुबिन्स्टाइन. १९७५ मध्ये आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी ग्रीग, शोपॅं आणि सॅं-साँस यांचे कॉन्चेर्टो चित्रित केले. वय अठ्ठ्याऐंशी. नजरेचा मधला भाग निकामी झालेला. कडेने जे दिसेल तेवढंच. पुढच्याच वर्षी त्यांनी मैफली थांबवल्या. हे ठाऊक असलेला माणूस त्या हातांकडे श्वास रोखून पाहतो : आता चुकणार, आता चुकणार. मीही तसंच पाहिलं. नंतर लक्षात आलं, की त्या पाहण्यात ग्रीग ऐकायचा राहूनच गेला. ताठ पाठ, स्थिर चेहरा, हालचाल जवळजवळ नाहीच. ते स्वतः आपल्या वयाचा किंवा डोळ्यांचा कसलाही तमाशा करत नाहीत. तो तमाशा मी माझ्या मनात उभा केला होता. डोळे मिटून पुन्हा ऐकलं तेव्हा दुसऱ्या भागातली ती लांब, न तुटणारी ओळ भेटली. तिला वय नव्हतं. म्हणजे इथे सर बरोबर होते.

न वाजवण्याचं चित्र

पण हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं, की या चित्रफितींमधली सगळ्यांत महत्त्वाची जागा हात वाजवतात ती नव्हे, हात थांबतात ती आहे.

अभिजात काळातल्या कॉन्चेर्टोत बहुतेकदा वाद्यवृंद आधी सगळा विषय मांडतो आणि एकल वादक त्यानंतर प्रवेश करतो. बेथोव्हेनच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोत ही प्रतीक्षा तीन मिनिटांहून अधिक चालते. चौथ्यात पियानो पहिली पाच मापं एकटा, हळुवारपणे वाजवतो आणि मग दीर्घकाळ गप्प राहतो. ध्वनिमुद्रणात या काळात पियानोवादक अस्तित्वातच नसतो. आहे की नाही, कळायला मार्ग नाही. सभागृहात मात्र तो समोर बसलेला असतो आणि ऐकत असतो. हे ऐकणं फक्त चित्रफीतच जपून ठेवू शकते.

आपल्या मैफलीत याचं जवळचं उदाहरण तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचं. गवई काय करतोय हे कधीकधी मागे बसलेल्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर आधी उमटतं. ज्याला आता काही करायचं नाही पण सगळं कळतंय, अशा माणसाचा चेहरा.

या संदर्भात एक चित्रफीत आता जगभर माहीत आहे. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहातली दुपारची मैफल, नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. संचालक रिकार्डो शाइय, पियानोवर मारिया जुआंव पिरेश. मोझार्टचा कॉन्चेर्टो सुरू होतो आणि पिरेश यांना कळतं, की आपण ज्याची तयारी करून आलो तो हा नव्हे. वाद्यवृंद वाजवतोय तो डी मायनरमधला, के. ४६६. समोर श्रोते बसलेले. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर आहे. हात कपाळाला जातो. त्या शाइय यांना काहीतरी सांगतात. शाइय एकीकडे संचालन करत, हसत, त्यांना धीर देतात : मागच्या मोसमात तुम्ही हा वाजवलाय, तुम्हाला चांगला येतो. वृंद थांबत नाही. शहात्तर मापांची प्रस्तावना संपते आणि पिरेश आत येतात. स्मरणातून, बिनचूक.

लोक ही चित्रफीत स्मरणशक्तीचा चमत्कार म्हणून पाहतात. मला तिच्यात वेगळं दिसतं. मोझार्टने या प्रस्तावनेत तारवाद्यांतून अस्वस्थ, ठेक्याला अडखळणारं संगीत लिहिलं आहे. नंतर पियानो येतो तो त्यातलं काही न उचलता, एकाकी, नवीनच वाक्य घेऊन. हा एकाकीपणा विश्लेषणाच्या पुस्तकांतून मी वाचला होता. पण ज्या व्यक्तीला ते वाक्य म्हणायचं आहे ती ती दोन-अडीच मिनिटं कशातून जाते, हे मला इथे कळलं. पिरेश यांची भीती अपघाताची होती. रचनेतली अस्वस्थता मोझार्टची. दोन्ही एकच नाहीत, हे मान्य. तरी त्या दुपारी त्या एकमेकींवर अशा बसल्या, की हा प्रवेश मी पुन्हा कधी सहज ऐकू शकले नाही. दुसऱ्या कुणाचं नुसतं ध्वनिमुद्रण लावलं तरी त्या शहात्तर मापांत पियानोपाशी कुणीतरी बसलेलं आहे, याचं भान राहतं.

इथे इतिहासातली एक गोष्ट आठवते. ११ फेब्रुवारी १७८५ रोजी व्हिएन्नात मोझार्टने हाच कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला. त्याचे वडील लिओपोल्ड त्या दिवशी पोचले होते. मुलीला लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की ते आले तेव्हा नकलनवीस अजून प्रती उतरवत होता आणि त्या कामावर लक्ष ठेवण्यात मोझार्टला शेवटचा भाग एकदा वाजवून पाहायलाही वेळ मिळाला नव्हता. म्हणजे या रचनेच्या जन्मालाच एक माणूस पुरेशा तयारीशिवाय पियानोपाशी बसला होता.

थांबण्याच्या तऱ्हा

एकदा ही नजर आली की प्रत्येक वादकाचं थांबणं वेगळं दिसू लागतं. ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या. पण १९७० मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीसाठी ते बेथोव्हेनचा पाचवा, 'एम्परर', कॉन्चेर्टो वाजवायला बसले. आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांनी माघार घेतल्यामुळे ऐन वेळी. संचालक कारेल आंचेर्ल, वृंद टोरांटो सिम्फनीचा. त्या ठेंगण्या खुर्चीत, नाक पट्ट्यांजवळ. गूल्ड यांना थांबता येतच नाही. हात मोकळा झाला की तो हवेत संचालन करू लागतो, ओठ गुणगुणत असतात. सगळी रचना त्यांच्या एकट्याच्या डोक्यात चालू असते. वृंद तिथे असणं जणू योगायोग. कॉन्चेर्टोतली चढाओढ त्यांना मनापासून आवडत नसे, असं त्यांनी अनेकदा लिहिलं-बोललं आहे. का, ते इथे दिसतं. ज्याला गप्प बसून ऐकता येत नाही त्याला कॉन्चेर्टो जड जातो.

याच गूल्ड यांनी ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो इतक्या संथ लयीत वाजवायचं ठरवलं, की संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी आधी श्रोत्यांसमोर उभं राहून आपला मतभेद सांगितला आणि मग तरीही साथ केली. त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण आहे, चित्र नाही. मला जगातल्या सगळ्या न झालेल्या चित्रफितींमधली एक निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. हातांसाठी नाही. ब्राम्सच्या लांबलचक प्रस्तावनेत त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं का, एवढंच पाहण्यासाठी.

बर्नस्टाइन यांची एक मोठी चित्रमालिका मात्र आहे. क्रिस्टियान झिमरमन आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक यांच्याबरोबर १९८९ मध्ये त्यांनी बेथोव्हेनचे तिसरा, चौथा आणि पाचवा हे कॉन्चेर्टो चित्रित केले. दिग्दर्शक हम्फ्री बर्टन. बर्टन यांचं स्कोअरचं वाचन पक्कं. चौथ्या कॉन्चेर्टोच्या दुसऱ्या भागात तारवाद्यं एकसुरात दरडावतात आणि पियानो दबक्या आवाजात उत्तर देतो. दरडावणी हळूहळू विरत जाते, बोलणं पियानोचं उरतं. इथे बर्नस्टाइन यांचा चेहरा काहीही लपवत नाही आणि झिमरमन यांचा जवळजवळ सगळंच लपवतो. दोन टोकांचे स्वभाव. तरी प्रत्येक उत्तरापूर्वी झिमरमन किती वेळ घेतात आणि तो वेळ बर्नस्टाइन किती उदारपणे देतात, हे स्वच्छ दिसतं. आणि हो, डोळे मिटून ते ऐकूही येतं.

पहिला आणि दुसरा कॉन्चेर्टो व्हायचे होते. १४ ऑक्टोबर १९९० रोजी बर्नस्टाइन गेले. झिमरमन यांनी दुसरा संचालक घेतला नाही. १९९१ मध्ये त्याच वृंदाबरोबर पियानोपाशी बसून संचालनही स्वतःच करत त्यांनी ते दोन पूर्ण केले. पाचही कॉन्चेर्टो ओळीने पाहिले तर पहिल्या दोनांत झिमरमन यांचं थांबणं नाहीसं झालेलं दिसतं. पियानो गप्प असतो तेव्हा हात पट्ट्यांवरून उठून वृंदाकडे वळतात. ऐकणारा माणूस आता चालवणाराही झाला आहे. वादन नेटकं, ताजं आहे; त्यात उणीव काढायची झाली तर शोधावी लागेल. पण १९८९ च्या चित्रफितींत जो एक माणूस दुसऱ्यावर सोपवून स्वस्थ बसलेला दिसतो तो इथे नाही. या चित्रफितीत कुणी शोक केलेला नाही. फक्त कामाची वाटणी बदललेली दिसते आणि मला ती पुरते.

दुरुस्ती

सरांच्या वाक्याचं मग काय करायचं? पियानो डोळ्यांनी वाजत नाही हे खरंच आहे. वेग, घाम, वय, पांढरे केस, मिटलेले डोळे, या सगळ्यांनी आपण फसतो, हे मी स्वतःवरून सांगते. पण कॉन्चेर्टोत एक मोठा भाग असा आहे, की तो मुळी वाजतच नाही. तो दिसतो. एकल वादकाचं ऐकणं, वृंदाचं त्याच्यासाठी खोळंबणं, दोघांमधला केव्हा सुरू करायचं याचा निःशब्द करार. ध्वनिमुद्रणांच्या शतकात आपण हा भाग गमावला होता. चित्रफितींनी तो थोडाफार परत दिला. फक्त तो कुठे शोधायचा हे ठाऊक हवं. मी आता कोणतीही नवीन चित्रफीत हाती आली, की आधी दोन गोष्टी तपासते. आवाज आणि चित्र एकाच वेळचे आहेत का? आणि पियानो गप्प असताना कॅमेरा कुठे आहे? कॅमेरा त्या वेळी छताच्या नक्षीवर किंवा झुंबरावर गेला असेल, तर दिग्दर्शकाला कॉन्चेर्टो म्हणजे पियानो अधिक पार्श्वसंगीत एवढंच वाटतं, असं समजावं.

बारा वर्षांपूर्वीचा तो लेख कुणाच्या संग्रही असेल तर त्यातलं वाक्य कृपया असं वाचावं : 'दुसऱ्या भागात बासरी धून मांडते आणि पियानो ती उचलतो. ध्वनिमुद्रण करताना वायसेनबर्ग आणि बर्लिनचे वादक एकमेकांसाठी थांबले असतील. आवाजावरून तरी तसं वाटतं. चित्रात ते दिसत नाही, कारण चित्र नंतरचं आहे.' आणि ज्या वाचकांनी तेव्हा आवर्जून पत्रं लिहिली होती, त्यांनी किसिन यांची १९८८ ची चित्रफीत मिळवून हीच जागा पाहावी. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.